यंत्राआधी पाणी ओळखा

२०१९ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मोठ्या शहरांतल्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. तपासणी भारतीय मानक ब्युरोची होती. मुंबईचे दहाच्या दहा नमुने मानकाला उतरले, दिल्लीचे अकराच्या अकरा नापास झाले. मुंबईच्या यशात आश्चर्य नव्हतं. भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं पाणी मुळातच हलकं, क्षार कमी असलेलं. ते भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत गाळून, क्लोरीन घालून शहराकडे निघतं. तरीही मुंबईतल्या असंख्य स्वयंपाकघरांत आरओ यंत्र बसलेलं आहे. मुळात कमी असलेले क्षार ते आणखी कमी करतं आणि बरंच चांगलं पाणी मोरीत सोडून देतं.

याच राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत हातपंपाला नितळ, गार, चवीला गोड पाणी येतं आणि ते पिऊन मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. त्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिथे ते काढून टाकणारी यंत्रणा खरोखर हवी, पण ती बहुतेकदा तिथे नसते.

यंत्र एकीकडे आणि गरज दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. आरोग्याला सर्वांत चांगलं पाणी कोणतं, हा प्रश्न आपण बहुधा दुकानात उभं राहून विचारतो आणि उत्तरात आपल्याला यंत्र मिळतं. खरं उत्तर आपल्या पाण्याच्या उगमापाशी असतं. पाणी कुठून येतं, वाटेत त्यात काय मिसळतं आणि घरात ते कसं साठवलं जातं, एवढं कळलं की निवड बरीच सोपी होते. उकळलेलं, गाळलेलं, आरओचं, बाटलीतलं, तांब्याच्या भांड्यातलं, अल्कलाइन अशा सगळ्या पर्यायांकडे या नजरेने पाहायला हवं.

पाण्यात काय काय असतं

पाण्यातले घटक आरोग्याच्या दृष्टीने तीन गटांत मोडतात. पहिला गट जंतूंचा: जिवाणू, विषाणू आणि परजीवी. त्यांचा परिणाम काही तासांत किंवा आठवड्यांत दिसतो आणि त्यात जीवही जातो. दुसरा गट विरघळलेल्या घातक द्रव्यांचा: फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसं, कीटकनाशकांचे अंश. यांतली बहुतेक वर्षानुवर्षं शरीरात काम करत राहतात. तिसरा गट कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या खनिजांचा. ही शरीराला लागतात. फार झाली तर पाण्याची चव बिघडते आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, आणि त्याची २०१२ ची आवृत्ती सध्या आधाराला घेतली जाते. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू सापडता कामा नये. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आणि तिला सवलत नाही. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, ते ५०० पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालवून घेण्याजोगे. सामू साडेसहा ते साडेआठ.

या आकड्यांपैकी बाजाराने एकच उचलला, तो टीडीएसचा. विक्रेता खिशातून पेनासारखा मीटर काढतो, पेल्यात बुडवतो आणि दिसलेला आकडा दाखवून घरच्यांना काळजीत टाकतो. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. कावीळ पसरवणारा विषाणू त्याला दिसत नाही. घातक प्रमाणातलं आर्सेनिकही इतकं थोडं असतं की त्याने आकडा हलत नाही. टीडीएस ८० दाखवणारं पाणी जीवघेणं असू शकतं आणि ४५० दाखवणारं उत्तम असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेली नाही. तिच्या मते ६०० पर्यंतचं पाणी चवीला चांगलं लागतं आणि हजाराच्या वर ते पिववत नाही. हा आकडा मुख्यतः चवीचा आहे, आणि तो पाहून आरोग्याचा निर्णय घेणं चुकीचं आहे.

पहिली लढाई जंतूंशी

पाण्याच्या प्रश्नात क्रम महत्त्वाचा, आणि त्यात जंतू पहिले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेचं पात्र सरकलं, नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे शिरलं आणि सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन वाढवलं होतं, त्यामुळे पटकी-विषमज्वर आवरले. हा विषाणू मात्र पार झाला. तो हिपॅटायटिस ई असल्याचं पुढे काही दशकांनी स्पष्ट झालं. गरोदर बायकांना तो विशेष घातक ठरतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि त्यात माणसं दगावली.

पुण्याचा अनुभव तर अगदी ताजा आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते; पाय लुळे पडतात, काहींना श्वासासाठी यंत्र लागतं. अनेकदा त्याची सुरुवात पोटाच्या संसर्गाने होते. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि मुख्य संशय दूषित पाण्यावर आला. पालिकेने त्या भागातली पाणी विकणारी काही खासगी आरओ केंद्रंही बंद केली. शुद्ध पाणी म्हणून विकत घेतलेल्या कॅनवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, हे तेव्हा अनेक घरांना उमगलं.

नळाचं पाणी केंद्रातून शुद्ध निघूनही घरी अशुद्ध पोचतं, याचं मोठं कारण खंडित पुरवठा. दिवसातून दोन तास किंवा चार-आठ दिवसांतून एकदा पाणी सोडलं की बाकीचा वेळ नळी रिकामी राहते. दाब गेलेल्या नळीला तडा असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर घाण आत ओढली जाते. यावर संरक्षण असतं ते उरलेल्या क्लोरीनचं. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, आणि विषाणूंचा धोका असेल तर ०.५, असं मानक सांगतं. नळाला येणारा क्लोरीनचा सौम्य वास म्हणजे हे संरक्षण अजून शिल्लक असल्याची खूण. तो नकोसा वाटला तर पाणी उघड्या, रुंद भांड्यात थोडा वेळ ठेवावं. वास उडून जातो. क्लोरीनमुळे काही उपद्रवी संयुगं तयार होतात हे खरं आहे, पण निर्जंतुक न केलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे तो धोका फार लहान असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं आहे.

गावात हे काम टीसीएल ही क्लोरीनची पावडर करते. जलसुरक्षक ती टाकीत किंवा विहिरीत टाकतो आणि ओटी टेस्ट घेऊन क्लोरीन उतरलं का ते पाहतो. पावडर उघड्या पोत्यात राहिली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि वजनाने तेवढीच पावडर टाकूनही उपयोग होत नाही. ग्रामसभेत या पावडरीच्या साठ्याबद्दल विचारणं हा आरोग्याचाच प्रश्न आहे. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी मिळणारं मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण कोपऱ्यात ठेवून न देता वापरायला हवं; ते टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावं.

चूल, फडकं आणि ऊन

उकळणं हा जंतूंवरचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. जिवाणू, विषाणू, परजीवी हे तिन्ही त्याने मरतात. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. मात्र पाणी त्याच भांड्यात झाकून निववावं. उकळलेलं पाणी न धुतलेल्या कळशीत ओतलं की सगळी मेहनत वाया जाते. उकळण्याची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक त्याने जात नाहीत. वाफ होऊन पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण किंचित वाढतंच.

पाणी गाळून प्यावं, ही शिकवण आपल्याकडे घरोघरी होती, आणि तिच्यामागे भक्कम आधार आहे. महाराष्ट्रातल्या पायऱ्यांच्या विहिरींनी पिढ्यान्‌पिढ्या नारू पसरवला. नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात असतात आणि तो जीव फडक्याने गाळला जातो. गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि हातपंप बसवणं यांमुळे देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या चमूने जुनी सुती साडी घड्या घालून तिच्यातून पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं; हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनं, विटलेलं कापड अधिक चांगलं, कारण त्याचे धागे फुगून छिद्रं बारीक होतात. फडक्यातून एकटा जिवाणू किंवा विषाणू मात्र सहज निसटतो. म्हणून गाळणं ही पहिली पायरी, आणि त्यानंतर क्लोरीन किंवा उकळी हवीच. गढूळ पाण्यात क्लोरीनही नीट काम करत नाही. पावसाळ्यात आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचं निवळ पाणी काढून घ्यावं आणि मग त्यात औषध टाकावं.

जळण नाही, औषध नाही, अशा वेळी ऊन कामाला येतं. नितळ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवं ठेवलं तर त्यातले बहुतेक जंतू मरतात. ढगाळ हवेत दोन दिवस लागतात. पूर आला, रस्ते तुटले, तर ही माहिती जीव वाचवू शकते.

जमिनीतलं अदृश्य

विहीर आणि बोअरवेलचं पाणी नदीपेक्षा स्वच्छ, असा आपला समज आहे. जंतूंच्या बाबतीत खोल बोअरवेलचं पाणी बऱ्याचदा खरोखरच बरं असतं. पण जमिनीत मुरताना ते खडकाशी वर्षानुवर्षं बोलतं आणि खडकातलं बरंच काही सोबत घेऊन येतं. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये अतिसार टाळण्यासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकींच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. जंतूंपासून वाचलेली माणसं वेगळ्याच विषाच्या तोंडी गेली. स्रोत बदलला की त्याची तपासणीही नव्याने करावी लागते, हा त्यातला धडा आहे.

महाराष्ट्रात चिंता तीन. पहिली फ्लोराइडची. लहान वयात दात तयार होताना ते जास्त गेलं तर दातांवर डाग पडतात, आणि पुढे वर्षानुवर्षं जातच राहिलं तर हाडं जखडतात. गेलेली लवचीकता परत येत नाही, म्हणून इथे प्रतिबंधच महत्त्वाचा. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची स्वस्त पद्धत विकसित केली. ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. तरी सर्वांत चांगला उपाय म्हणजे अशा गावांना धरणाचं किंवा नदीचं शुद्ध केलेलं पाणी आणून देणं. ते जमेपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओ योग्य.

दुसरी चिंता नायट्रेटची. शेतात पडणारा युरिया, उकिरडे, शोषखड्डे या सगळ्यांतून नायट्रेट भूजलात उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ते मर्यादेपलीकडे होतं. वरच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे पाणी घातक ठरतं. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडतं. शेताकडेला राहणाऱ्या, बोअरवेलवर अवलंबून असलेल्या घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटची तपासणी टाळू नये. यूव्ही, कँडल, उकळी यांनी ते जात नाही; आरओने जातं.

तिसरी चिंता खारपाणपट्ट्याची. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल इतकं खारं आहे की ते पिणं ही रोजची शिक्षा होते. तिथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षं गावकरी करत आहेत. इथे खारेपणा कमी करणं ही खरी गरज आहे, आणि पाऊसपाणी साठवणं, गोड्या पाण्याच्या प्रादेशिक योजना हे त्याचे टिकाऊ मार्ग आहेत.

जड पाण्याबद्दल मात्र थोडा दिलासा देता येतो. मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या बोअरवेलच्या पाण्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मुतखडा याच पाण्याने होतो असं सर्रास म्हटलं जातं. जड पाण्याने मुतखडा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मुतखड्याशी पक्का संबंध आहे तो कमी पाणी पिण्याचा. उन्हात राबणाऱ्या माणसाने जड पाण्याच्या भीतीने पाणीच कमी प्यायलं तर त्याचा धोका वाढतो.

यंत्रं: कोणतं काय करतं

घरगुती यंत्रांचे प्रकार समजून घेतले की जाहिरातीची गरज राहत नाही. कँडलचा फिल्टर गाळ आणि काही जिवाणू अडवतो. सक्रिय कोळसा क्लोरीनचा वास, रंग आणि काही सेंद्रिय रसायनं शोषून घेतो. यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याचं यंत्र जिवाणू आणि विषाणू दोन्ही निष्प्रभ करतं, पण पाणी नितळ हवं, वीज हवी आणि दिवा वेळेवर बदलायला हवा. ते क्षारांना हात लावत नाही. यूएफ म्हणजे बारीक छिद्रांची जाळी; ती विजेशिवायही चालते आणि जिवाणू अडवते, विषाणूंच्या बाबतीत तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

आरओची पडदी या सगळ्यांहून बारीक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिडनी लोब आणि मूळचे भारतातले श्रीनिवास सौरीराजन यांनी तिला व्यवहारात उतरेल असं रूप दिलं, ते खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करण्यासाठी. खारं पाणी, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांवर घरगुती पातळीवर इतकं समर्थ साधन दुसरं नाही. त्याची किंमत दोन बाजूंनी मोजावी लागते. साधारण घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देतं. जिथे हंड्यासाठी मैलभर चालावं लागतं, जिथे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, त्या राज्यात हा अपव्यय सहज सोडून देण्यासारखा नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घालण्याचा आदेश दिला; उत्पादकांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. आरओ असलेल्या घराने टाकाऊ पाणी निदान फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरावं.

दुसरी किंमत खनिजांची. पाणी हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मुख्य स्रोत नव्हे. तो मान दूध, नाचणी, तीळ, पालेभाज्या आणि डाळींचा. तरी हिशेब मांडून पाहा: लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं दोन लिटर पाणी दीडशे मिलिग्रॅम देतं, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे हजाराची. ज्या घरात दूध कमी, आहार तुटपुंजा, तिथे हा सातवा हिस्सा गमावणं परवडत नाही. क्षारविरहित पाण्यात शिजवलेल्या भाजी-धान्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साठ टक्क्यांपर्यंतचा भाग निघून जाऊ शकतो, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनात नोंदलेलं आहे. इस्रायलमध्ये समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून ते नळाला देऊ लागल्यावर पाण्यातलं मॅग्नेशियम घटलं, आणि त्याचा हृदयरोगाशी संबंध असावा असं सुचवणारे अभ्यास पुढे आले. ते निरीक्षणावर आधारलेले आहेत, त्यांवरून घाबरून जाऊ नये. पण मुळात हलक्या पाण्याला आरओ लावायचं काय कारण, हा प्रश्न त्यांनी अधिक टोकदार केला आहे. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी असंच हलकं. तिथे जंतू मारले की काम झालं.

यंत्र कुठलंही असो, जुनी कँडल, बदलायची राहिलेली पडदी आणि न धुतलेली टाकी यांत जंतू वाढतात. देखभालीचा खर्च जमणार नसेल तर यंत्र घेण्याऐवजी पाणी उकळणं अधिक सुरक्षित.

बाटली आणि जार

बाटलीतल्या पाण्याचे दोन प्रकार आहेत. नैसर्गिक खनिज पाणी झऱ्यातून किंवा भूगर्भातून येतं आणि त्यातले मूळ घटक तसेच ठेवले जातात. दुकानात मिळणारं बहुतेक पाणी दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे प्रक्रिया करून भरलेलं पिण्याचं पाणी असतं. बऱ्याचदा तेही बोअरवेलचंच, आरओ केलेलं. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली आणि मुंबई परिसरातल्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले आणि त्यानंतर नियम कडक झाले. आता प्रश्न सूक्ष्म प्लास्टिकचा आहे. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिककण मोजले. शरीरावर त्यांचा परिणाम काय, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. बाटली म्हणजे शुद्धतेची हमी, हा समज मात्र आता धरून ठेवता येत नाही. प्रवासात सीलबंद बाटली घ्यावी. उन्हात तापलेली घेऊ नये आणि तीच बाटली महिनोन्‌महिने भरून वापरू नये.

लग्नकार्यात, कार्यालयांत, दुकानांत येणारे वीस लिटरचे थंड पाण्याचे जार ही आणखी वेगळी गोष्ट. त्यांतल्या अनेकांना सील नसतं, परवाना क्रमांक नसतो, भरल्याची तारीख नसते. गार लागतं म्हणून ते शुद्ध ठरत नाही. थंडीने जंतू मरत नाहीत. गावोगावच्या आरओ केंद्राचं पाणी घेताना शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवाल कुठे लावला आहे, एवढं विचारावं.

तांबं, माठ आणि अल्कलाइन

तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याच्या परंपरेला प्रयोगाचा आधार मिळाला आहे. बंगळुरूतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले पटकी, हगवण, विषमज्वर यांसारख्या रोगांचे जिवाणू नाहीसे होतात आणि पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेच्या खूप आत राहतं. म्हणजे सोळा तास भरून ठेवलेली घागर खरंच काम करते. मात्र भांडं आतून घासून स्वच्छ हवं, वेळ पुरेसा हवा, आणि त्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवू नये. आंबटाने तांबं जास्त विरघळतं. फ्लोराइड-नायट्रेटवर तांब्याचा इलाज नाही.

माठ पाणी शुद्ध करत नाही. पाझरून, बाष्पीभवनाने ते गार करतो. उन्हाळ्यात त्यामुळे माणूस अधिक पाणी पितो, हा मोठाच फायदा आहे. अल्कलाइन पाण्याच्या महागड्या यंत्रांसाठी मात्र पुरावा सापडत नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की पाण्याची अल्कता तिथे पोचताच संपते, आणि रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ च्या अरुंद पट्ट्यात राखतात. त्या पैशांत घरातल्या लेकरांना रोज दूध आणि फळं मिळतील.

मग घरी काय करावं

महापालिकेचं धरणाचं, प्रक्रिया केलेलं पाणी असेल तर आरओ नको. गाळणं आणि त्यावर यूव्ही किंवा उकळी पुरेशी. इमारतीची जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा तरी धुऊन घ्यावी. तिचं झाकण आणि ओव्हरफ्लोची जाळी पाहावी. नळाला गढूळ किंवा वासाचं पाणी आलं, गल्लीत जुलाब-कावीळ वाढली, तर यंत्र असलं तरी काही दिवस उकळूनच प्यावं आणि पालिकेला कळवावं.

बोअरवेल किंवा विहिरीचं पाणी असेल तर आधी तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या आणि जलजीवन मिशनच्या प्रयोगशाळांत नाममात्र शुल्कात ती होते. जंतू, फ्लोराइड, नायट्रेट, एकूण क्षार, जडपणा एवढं पाहून घ्यावं. जंतूंची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा. फ्लोराइड, नायट्रेट मर्यादेपलीकडे किंवा टीडीएस हजाराच्या वर निघालं तर आरओ घ्यावं. अहवाल ठीक आला तर क्लोरीन किंवा उकळी पुरते.

टँकरचं पाणी असेल तर त्याच्या उगमाची खात्री नाही असं धरून प्रत्येक वेळी क्लोरीन आणि उकळी. आणि कुठलंही पाणी असो, साठवण स्वच्छ हवी. तोटीचा माठ किंवा पिंप, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं, वर झाकण, आणि भांड्यात हात बुडवायचा नाही. घरात आल्यावर बिघडणारं पाणी बहुतेक वेळा याच एका सवयीने वाचतं. बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण घरात असेल तर जंतूंबाबत जराही सूट देऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पाणी किती आणि कसलं प्यावं, हे डॉक्टरांनाच विचारावं.

नळ हाच शेवटी खरा उपाय

घरोघरी यंत्र बसवणं हे सार्वजनिक व्यवस्थेचं अपयश प्रत्येकाने आपापल्या खिशातून भरून काढणं आहे. ज्याचा खिसा रिकामा त्याच्या वाट्याला जुलाब आणि कावीळ येते. याला पर्याय आहे आणि तो आपल्याच देशात दिसला आहे. ओडिशातलं पुरी २०२१ मध्ये चोवीस तास थेट नळाचं पाणी पिता येणारं शहर झालं. सातारा जिल्ह्यातल्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देण्याची योजना उभी केली. नळी सतत भरलेली आणि दाबाखाली राहिली की बाहेरची घाण आत शिरायला वाट राहत नाही. मीटरमुळे पाणीही जपून वापरलं जातं.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं. आपल्या गावाला कोणतं मिळालं आणि का, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शहरातल्या सोसायटीने प्रभाग कार्यालयाकडून आपल्या भागातल्या पाण्याचे अहवाल मागवावेत. उरलेलं क्लोरीन किती, शेवटचा नमुना कधी घेतला, तो कुठल्या नळावरून घेतला, हे तीन प्रश्न नियमित विचारले गेले तर यंत्रणा हलते. आरोग्याला सर्वांत चांगलं पाणी म्हणजे तपासलेलं, जंतुमुक्त, आपली खनिजं राखून असलेलं आणि सगळ्यांच्या नळाला सारखं येणारं पाणी. एका घराच्या भिंतीवर ते टांगता येत नाही. गावाने आणि शहराने मिळून मागितलं तरच ते मिळतं, आणि ते मागणं आपल्या हातात आहे.